आजीची लेकरं: बुधवारच्या चिंतनावरून

बुधवार, २० ऑगस्ट २०२५

राजूदादा दिंडोरी, ६:१२
शालूआत्या, आजचं बायबलचं चिंतन वाचलं. ग्रुपवर टाकण्याआधी मला एक फोन केला असता तरी चाललं असतं. मजुरांच्या मुकादमाने तुम्हाला काय सांगितलं ते मला कळलंय. पण सगळ्या घरादारासमोर शुभवर्तमानाच्या आडून बोलायची गरज नव्हती.

पिंट्या पुणे, ६:१५
काय झालं? मी आत्ता उठलो

पिंट्या पुणे, ६:१५
दादा आत्याला "तुम्ही" म्हणतोय म्हणजे काहीतरी मोठं आहे

जॉनीमामा वसई, ६:१६
सुप्रभात (गुलाबाचं चित्र)

मंगलकाकू, ६:२०
रविवारी आजीच्या आठवणीची प्रार्थना, सकाळी ११ वाजता आमच्याकडे. नंतर जेवण. कोण किती जण येणार तो आकडा कळवा. मटणवाल्याला शुक्रवारी सांगायचं आहे.

विलासकाका, ६:२४
राजू, सकाळी सकाळी डोकं तापवू नकोस. आजचं वाचन शालूने लिहिलेलं नाही. मत्तयाने लिहिलं आहे.

राजूदादा दिंडोरी, ६:२५
मत्तयाने सुरगाण्याचे मजूर लिहिले नाहीत काका. ते आत्यांनी लिहिले.

रोझीताई कुवेत, ६:३१
मला चिंतन सापडत नाहीये, वर नुसती फुलंच फुलं आहेत. आत्या परत टाक ना. नाईटला आहे, वॉर्ड शांत आहे, पाच मिनिटं मिळतील.

शालूआत्या, ६:३८
टाकते गं.

बुधवार, सामान्यकाळाचा २० वा आठवडा. शास्ते ९:६-१५, मत्तय २०:१-१६.

मळ्याचा धनी पहाटे नाक्यावर गेला. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. त्याच्याकडे कारभारी होता, आठव्या ओवीत तो भेटतो. तरी माणसं बोलवायला धनी स्वतः गेला, पाच खेपा घातल्या. सकाळच्यांशी एक दिनार ठरला होता. तो त्या काळातला एका दिवसाचा रोज. पाचच्यांशी भावच ठरला नव्हता. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं त्याने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की आम्हाला कोणी कामाला लावलं नाही.

आपल्याकडे छाटणीला पेठ, सुरगाण्याहून माणसं येतात. नाक्यावर तरणीताठी आधी उचलली जातात. मागे उरतात म्हातारे आणि कडेवर पोर असलेल्या बाया. पाचपर्यंत जो उभा आहे तो आळशी नसतो. आळशी माणूस केव्हाच घरी गेलेला असतो. हा उभा आहे कारण रिकाम्या हाताने घरी जायची त्याला चोरी आहे.

आणि संध्याकाळ होताच धन्याने मजुरी वाटायला सांगितली. लेवीय १९:१३ मध्ये नियमच आहे, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहू नये. आजचा प्रश्न: माझ्याकडे कोणाचा रोज रात्रभर राहिला आहे का?

रोझीताई कुवेत, ६:४६
पाच खेपांचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ऐकतेय.

राजूदादा दिंडोरी, ६:४९
शेवटची ओळ वाचा सगळ्यांनी. आणि मग सांगा ती कोणासाठी आहे.

नीलावहिनी, ६:५२
विषय वेगळा आहे पण सांगते. रोज साडेपाचला मोबाईल वाजतो आणि बाळ उठतं. सात नंतर टाकता येईल का प्लीज?

पिंट्या पुणे, ६:५३
वहिनी, ग्रुप म्यूट करा ना

नीलावहिनी, ६:५३
म्यूट केला तर मंगलकाकू म्हणतात तुला काही माहीतच नसतं.

मंगलकाकू, ६:५५
मी असं कधी म्हटलं? रविवारचा आकडा कळवा.

विलासकाका, ७:०५
मुळात हा दाखला मजुरीचा नाहीच. तो कृपेचा आहे. तारण कोणाला कामाच्या तासांवर मिळत नाही, हे प्रभू सांगतोय. आधीच्या अध्यायात पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? त्याचं उत्तर म्हणजे हा दाखला. शालू त्याचं कामगार खात्याचं परिपत्रक करते.

शालूआत्या, ७:०९
विलासदादा, पेत्राचा प्रश्न कालच्या वाचनात होता, मत्तय १९:२३-३०. कालच्या चिंतनात मी तेच लिहिलं होतं. तू वाचलं नाहीस.

विलासकाका, ७:१०
वाचलं. घाईत वाचलं.

शालूआत्या, ७:१२
आणि कृपेचा आहे हे मला मान्यच आहे. पण प्रभूने ती सांगायला मळा, नाका, मजूर आणि दिनार घेतले. त्याला दुसरं काहीही घेता आलं असतं. ऐकणाऱ्यांत रोजावर जाणारे होते म्हणून ते घेतलं. मजुराला त्यातली मजुरी आधी ऐकू येते, आणि ती ऐकू आली म्हणून त्याला कृपा कळते.

विलासकाका, ७:१५
हे बोललीस ते बरोबर. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तेच केलं. १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्त सांगितला तो अभंगात. आपल्या माणसाच्या कानाला जे सवयीचं तेच घेतलं.

पिंट्या पुणे, ७:१६
पाणीपट्टी वाढली तरी काका टिळकांवर येतात

विलासकाका, ७:१६
नाशिकच्या शरणपूरला, ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्याने टिळकांवर येऊ नये तर कोणावर यावं? तू पुण्यात बसून आम्हाला शिकवू नकोस.

जॉनीमामा वसई, ७:२०
(व्हिडिओ: आजचे प्रवचन, ४२ मिनिटे)

नीलावहिनी, ७:२१
मामा हा मागच्या आठवड्यातला आहे.

राजूदादा दिंडोरी, ७:३४
मी फवारणीवरून आलो. इथे टिळक चाललेत. ठीक आहे, मीच सांगतो म्हणजे आडून कोणाला काही विचारायला नको. फेब्रुवारीत द्राक्षाचा माल गेला. व्यापाऱ्याने चेक दिला, तो परत आला, मग माणूसच गायब. फोन बंद. विरळणीचे, डिपिंगचे म्हणजे घड औषधात बुडवायचे उक्ते ठरले होते ते सगळे मी तरीही दिले. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना दिले. राहिले ते एप्रिलच्या खरड छाटणीचे, अकरा माणसांचे. मे महिन्यापासून ऊन नाही. काडीत घड तयार झालाय की नाही ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कळेल. दाखल्यातल्या धन्याला व्यापाऱ्याने बुडवलं होतं का हो आत्या? त्याच्या थैलीत दिनार होते म्हणून त्याला उदार होता आलं.

रोझीताई कुवेत, ७:३६
दादा...

राजूदादा दिंडोरी, ७:३८
आणि मळ्याबद्दल बोलायचं तर ज्यांची त्यात एक ओळसुद्धा नाही त्यांनी किती बोलायचं हेही बघा.

मंगलकाकू, ७:३९
राजू, तो विषय नको.

शालूआत्या, ७:४४
मळ्यात माझी ओळ नाही कारण हक्कसोडपत्रावर मी सही केली. आनंदाने केली, तेव्हा तुझे बाबा समोर बसले होते. त्याचा हिशोब मी कधी मागितला नाही आणि आजही मागत नाही.

विलासकाका, ७:४५
शालू, पुरे. राजू, माफी माग.

पिंट्या पुणे, ७:५२
थांबा सगळे. मी मागचं शोधलं. २१ ऑगस्ट २०२४, बुधवार. हेच चिंतन. तोच मळा, त्याच पाच खेपा, नाक्यावरच्या बायासुद्धा त्याच. म्हणजे दादा, हे तुझा व्यापारी पळायच्या आधीचं आहे.

राजूदादा दिंडोरी, ७:५४
तेच वाचन कसं काय परत?

शालूआत्या, ८:०३
आमच्या चर्चच्या वाचनांच्या पाठसंग्रहात रविवारचं चक्र तीन वर्षांचं असतं. मत्तय, मार्क, लूक. यंदा लूकचं वर्ष. पण वारांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच येतं, पहिलं वाचन तेवढं एका वर्षाआड बदलतं. म्हणून मागच्या वर्षी या बुधवारी यहेज्केलचा ३४ वा अध्याय होता, कळपाला उपाशी ठेवून स्वतःचं पोट भरणारे मेंढपाळ. यंदा शास्तेमधली योथामची गोष्ट आहे. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून नाही म्हणतं, अंजीर नाही म्हणतं, द्राक्षवेलही म्हणते की मी माझा रस सोडून कुठे डुलत बसू, आणि शेवटी काटेरी झुडूप राजा व्हायला तयार होतं. त्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं, नाहीतर द्राक्षवालाच खूश झाला असता.

पिंट्या पुणे, ८:०४
म्हणजे आत्या दरवर्षी कॉपी पेस्ट?

शालूआत्या, ८:०६
नाही रे. आधी वाचन वाचते, मग मागच्या वर्षीची वही उघडते. जे अजून खरं वाटतं ते ठेवते.

राजूदादा दिंडोरी, ८:११
पिंट्या, मागच्या वर्षीच्या चिंतनात शेवटचा प्रश्न काय होता?

पिंट्या पुणे, ८:१४
"दुसऱ्याला जास्त मिळालं म्हणून मी कुठे कुरकुरतो?"

राजूदादा दिंडोरी, ८:१५
म्हणजे रोज रात्रभर ठेवायचं यंदाचं आहे. तेच मी म्हणत होतो.

नीलावहिनी, ८:१६
अरे देवा

मंगलकाकू, ८:३०
रविवारचा आकडा कोणीच दिला नाही. फक्त वाद घालता येतो.

शालूआत्या, ८:४१
हो राजू. लेवीयची ओळ आणि शेवटचा प्रश्न यंदाचे आहेत. सोमवारी रात्री लिहिले. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जी बाई यायची ती अचानक गावाला गेली. तिचे चौदा दिवसांचे पैसे जून महिन्यापासून माझ्या कपाटात डब्यात आहेत. तिचा पत्ता शोधायचा मी कंटाळा केला. प्रश्न लिहिताना तो डबा समोर होता. आणि त्याच दुपारी मुकादमाचा फोन येऊन गेला होता, तेव्हा तूही मनात होतास. नव्हतास असं म्हटलं तर ते खोटं होईल. आधी तुला फोन करायला हवा होता. ते चुकलं माझं.

शालूआत्या, ८:४७
नाक्याचा मजकूर मात्र आईमुळे आला. मागच्या वर्षी हेच वाचन मी तिला दवाखान्यात वाचून दाखवलं. तिला दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. मी म्हटलं, पाचला आलेल्यालाही पूर्ण दिनार मिळाला. ती म्हणाली, "तो पाचपर्यंत उभा होता, दुपारी जेवला होता का गं?" मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, वर्गात कोणी असा प्रश्न विचारला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. म्हणून ते मी ठेवलं.

रोझीताई कुवेत, ८:५२
आत्या, मला हे माहीत नव्हतं.

विलासकाका, ८:५५
मलाही नाही. त्या वेळी मी खाली बिल भरत होतो.

रोझीताई कुवेत, ९:०१
सांगू का, मी इथे रोज हेच वाचून घरी जाते. इंग्रजीत ढिगाने येतात, छान असतात. पण त्यात पेठ, सुरगाणा नसतो. माझ्याबरोबर सफाईला एक बाई आहे, तिचा दोन महिन्यांचा पगार अडकलाय. आज तिला हे मी हिंदीत सांगणार आहे. आत्या, वेळ बदल हवं तर, पण बंद करू नकोस.

नीलावहिनी, ९:०३
बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. सात वाजता म्हटलं होतं.

सुनीतावहिनी दिंडोरी, ९:४०
मी या ग्रुपवर कधी बोलत नाही. मुकादमाला आत्यांचा नंबर मी दिला. रोजाची डायरी माझ्याकडे असते. तो दोनदा दारात येऊन चहा पिऊन गेला, पैशांचा शब्द काढला नाही. मला त्याच्या समोर जायला लाज वाटायला लागली. यांना सांगितलं की हे म्हणायचे द्राक्षाचे आले की देऊ. आत्यांचं हे ऐकतात म्हणून नंबर दिला. चूक असेल तर माझी धरा.

पिंट्या पुणे, ९:४१
...

राजूदादा दिंडोरी, ९:५८
हे मला घरात सांगता आलं असतं.

सुनीतावहिनी दिंडोरी, १०:००
सांगितलं होतं. तीनदा.

सुनीतावहिनी दिंडोरी, १०:०२
टोमॅटोचे पैसे परवा जमा झाले. औषधाच्या दुकानाचं बिल महिनाभर थांबेल, त्याचं घर त्यावर चालत नाही. अजून एक. त्या अकरात दोन बाया दहाला यायच्या, पोरं लहान होती. त्यांचा मी अर्धा रोज लिहिलाय. काय करायचं ते सांगा म्हणजे बेरीज करते.

राजूदादा दिंडोरी, १०:२६
पूर्ण लिही.

राजूदादा दिंडोरी, १०:२७
उद्या सकाळी मी स्वतः सुरगाण्याला जातो. मुकादमाच्या हाती देत नाही.

विलासकाका, १०:३१
जाताना पावत्या ने, अंगठे घे.

शालूआत्या, १०:३५
राजू, त्या बाईचं गाव तिकडेच आहे. सापडली तर माझे चौदा दिवसांचे पण देशील? संध्याकाळी डबा घेऊन सीबीएस बसस्टँडवर येते.

राजूदादा दिंडोरी, १०:३८
तू गुडघ्याची कशाला येतेस. मीच घरी येतो. चहा टाक.

पिंट्या पुणे, १०:३८
"तू" परत आलं


गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

शालूआत्या, ७:०१
गुरुवार, सामान्यकाळाचा २० वा आठवडा. मत्तय २२:१-१४. राजाने मुलाच्या लग्नाचं जेवण मांडलं. बैल कापले, सगळं तयार झालं, बोलावणी दोनदा गेली. आमंत्रितांनी पर्वा केली नाही. एक आपल्या शेताकडे निघून गेला, दुसरा आपल्या व्यापाराला.

राजूदादा दिंडोरी, ७:०४
आत्या, मी गाडीत आहे, सुरगाण्याच्या रस्त्याला लागलो. आजचंही माझ्यावरच का?

शालूआत्या, ७:०५
वाचन मी निवडत नाही रे.

मंगलकाकू, ७:०६
आजचं वाचन माझ्यासाठी आहे. रविवारी आजीची प्रार्थना, ११ वाजता. बोलावणं चौथ्यांदा जातंय. आकडा.

राजूदादा दिंडोरी, ७:०७
आम्ही चार. टोमॅटो आणतो.

नीलावहिनी, ७:०८
आम्ही तीन आणि बाळ. आत्या, सातला टाकलंत, थँक्यू.

पिंट्या पुणे, ७:१०
मी एक. शनिवारी रात्रीच येतो

जॉनीमामा वसई, ७:११
सुप्रभात (गुलाबाचं चित्र)

मंगलकाकू, ७:११
जॉनी, फूल नको. आकडा.