मदत हवी: मखरातली एलईडी पट्टी वाट्टेल तशी लुकलुकते

रंगीत_गोंधळ (इंदूर): गणपती तोंडावर आलेत, मखर उभं आहे, पट्टी चिकटवून झाली. निळा लावला तर मधेच हिरवे-गुलाबी ठिपके नाचतात. डेटाची वायर बोटात धरली की नाच बदलतो! छोटा तुकडा टेबलावर उत्तम चालला होता, म्हणजे प्रोग्रॅम ठीक आहे. लवकर सांगा, पट्टी आता उपटता येणार नाही.

सोल्डरबाबा: कुठली पट्टी? ५ व्होल्ट की १२? बोर्ड कुठला? सप्लाय?

मालव्याचा_काका: महाराणी रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून दिव्यांची साधी माळ आणा, प्लग घातला की झालं. आम्ही कायम तेच करतो.

रंगीत_गोंधळ: काका, माळ नकोय. पट्टी डब्ल्यूएस २८१२ बी (५ व्होल्टची, प्रत्येक दिव्यात स्वतंत्र चिप), ५ मीटर, मीटरला ६० दिवे. बोर्ड नोडएमसीयू (वायफायवाला छोटा कंट्रोलर), त्यावर डब्ल्यूलेड, म्हणजे दिवे चालवणारा तयार प्रोग्रॅम. सप्लाय ५ व्होल्ट १० अँपिअर, नवाकोरा.

साडेतीन_व्होल्ट: मग उत्तर सरळ आहे. नोडएमसीयू ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या चिपला कागदोपत्री ३.५ तरी हवेत. मध्ये ७४एएचसीटी१२५ हा लेव्हल शिफ्टर टाका, म्हणजे ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप. दुसरं काही बघूच नका.

सोल्डरबाबा: वायर आखूड असली की शिफ्टरशिवायही चालतं, माझ्याकडे चालतंय. बोट लावून फरक पडतो हे वेगळंच लक्षण आहे. बोर्डाला वीज कुठून देताय?

रंगीत_गोंधळ: लॅपटॉपच्या यूएसबीतून. का?

हिरवी_वाट: मखर थर्माकोलचं नाही ना? आणि मूर्ती शाडूचीच घ्या, पीओपी विरघळत नाही.

सोल्डरबाबा: ताई, मूर्तीचा विषय नाहीये. थर्माकोलचं मात्र बरोबर, सप्लाय त्याला चिकटवू नका. गोंधळभिया, सप्लायचा मायनस बोर्डाच्या जीएनडीला, म्हणजे ग्राउंडच्या (मायनसच्या) पिनला जोडलाय का?

रंगीत_गोंधळ: बोर्डावरून फक्त डेटाची वायर जाते. पट्टीला वीज तर सप्लाय देतोय ना.

सोल्डरबाबा: तेच! पट्टी सिग्नलचे व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजणार? टेबलावर तुकडा बोर्डावरूनच चालत होता, म्हणून तिथे ग्राउंड आपोआप एकच होतं. दोन्ही बंद करून जीएनडी ते मायनस एक वायर टाका. डेटात पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि पट्टीच्या प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, उलटा लावू नका, फुटतो.

रंगीत_गोंधळ: वायर टाकली, लुकलुक बंद!! पण पूर्ण पांढरा केला की अगदीच मंद. सप्लाय खराब?

मालव्याचा_काका: माळेत ही भानगडच नाही. पूर्वी आपल्या इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या झांकीला, मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्याला, कुठे होते हे बोर्ड? तरी अनंत चतुर्दशीला रात्रभर रस्ते भरलेले असायचे.

साडेतीन_व्होल्ट: दुसऱ्या टोकालाही वीज द्या.

सोल्डरबाबा: ते द्याच, नाहीतर शेवटचे दिवे पिवळट होतात. पण सगळेच मंद असतील तर आधी डब्ल्यूलेडच्या एलईडी सेटिंगमधली करंटची मर्यादा बघा, मुळात ८५० मिलीअँपिअरच असते. ८००० करा. ३०० दिवे पूर्ण पांढरे म्हणजे कागदावर १८ अँपिअर आणि तुमचा सप्लाय १० चा, तेव्हा मर्यादा काढून टाकू नका, फक्त वाढवा. सप्लायच्या २३० व्होल्टच्या टर्मिनलवर झाकण हवं, आरतीला पोरं मखरामागे घुसतात.

साडेतीन_व्होल्ट: आणि शिफ्टर?

सोल्डरबाबा: पुन्हा ठिपके दिसले तर. आत्ता पट्टीला हात लावू नका.