ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच का पाडतात?

प्रश्न:
पेट्रोल इंजिनात पिस्टन टीडीसीला (त्याच्या सर्वात वरच्या टोकाला) पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी पडते. मग पेटलेला वायू वर येणाऱ्या पिस्टनला उलटा रेटत नाही का? शिवाय माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावला असता, आयडलिंगलाच पुलीवरची खूण ठरलेल्या अंशांच्या बरीच पुढे दिसते. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वेळेवर प्रत्येक प्लगला पोहोचवणारा भाग) फिरवून ती जागेवर आणली, तर चढावर गाडी अगदीच मरगळते.

उत्तर १:
थोडासा रेटतो, पण तेवढा तोटा परवडतो. मिश्रण एकदम भडकत नाही. ज्वाला प्लगपासून पसरत जाते आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, १००० ला फक्त ६. दाब टीडीसीनंतर साधारण १५ अंशांवर कळसाला पोहोचला, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. ठिणगीच टीडीसीवर टाकली, तर ज्वाला खाली निघालेल्या पिस्टनचा पाठलाग करत बसते आणि बरीच उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते. म्हणून वेग वाढताच डिस्ट्रिब्युटरमधली वजने स्प्रिंगविरुद्ध बाहेर फेकली जातात आणि ठिणगी अलीकडे आणतात.

उत्तर २:
एक दुरुस्ती सुचवतो. वेग दुप्पट झाला म्हणून ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या जितके अंश आधी पडते ते) दुप्पट लागत नाही, कारण वेगाबरोबर सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्वालाही झपाट्याने पसरते. भाराचा परिणाम मात्र हमखास विसरला जातो. थ्रॉटल जेमतेम उघडे असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि जुना जळका वायू तुलनेने जास्त असतो, त्यामुळे ज्वलन रेंगाळते. ती कसर व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या शोषणाने (व्हॅक्यूमने) ठिणगी अलीकडे आणणारा भाग, भरून काढतो. आपली चूक येथेच असावी. व्हॅक्यूम पाइप मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीला) जोडलेला ठेवून आपण खूण जुळवली असेल, तर चढावर थ्रॉटल उघडताच व्हॅक्यूम नाहीसा होतो आणि ठिणगी फार उशिरा पडते. डिस्ट्रिब्युटरकडचा पाइप काढून त्याचे तोंड बंद करावे, आयडलिंग पुन्हा नेमके करावे आणि मगच खूण पाहावी.

उत्तर ३:
जोर वाढतो म्हणून ठिणगी आणखी अलीकडे ओढण्याचा मोह मात्र टाळावा. ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून नॉकिंग होते. नव्या इंजिनांत नॉक सेन्सर ते टिपतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) ॲडव्हान्स कमी करतो, आपल्या गाडीत ते काम कानांचे आहे.

प्रश्नकर्ता:
पाइप जोडलेलाच होता. तो काढून, तोंडात बोल्ट बसवून पाहिले. डिस्ट्रिब्युटर मूळ जागी नेताच खूण बरोबर रेषेवर आली.