पॅनोरमा जोडताना रॉ फाइली आणि हॉट पिक्सेल : तुमचे अनुभव लिहा

रात्रीचा पॅनोरमा जोडून झाला की आकाशात लाल-निळे ठिपके ठरावीक अंतराने दिसू लागतात. सेन्सरवरचा तोच पिक्सेल, म्हणजे हॉट पिक्सेल, प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी पेटलेला असतो, म्हणून जोडचित्रात त्याची रांग लागते. तुम्ही याचं काय करता? कुठल्या टप्प्यावर, कशात? सविस्तर लिहा.

*

माझ्या मते सगळं टप्प्यावरच अवलंबून आहे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांत, हॉट पिक्सेल खरोखर एकच पिक्सेल असतो. डिमोझेइक होताना (कच्च्या आकड्यांवरून रंगीत चित्र बनताना) शेजारच्यांचे रंग काढायला त्याचाही आकडा धरला जातो आणि एका ठिपक्याचा रंगीत डाग होतो. पुढे जोडताना फ्रेम वळवली-ताणली जाते, तेव्हा डाग आणखी पसरतो, कधी त्याच्याभोवती काळी कडही उमटते. इतकं झाल्यावर क्लोन करत (शेजारचा भाग त्यावर चिकटवत) बसणं फार जिवावर येतं. मी डार्कटेबल या रॉ उघडण्याच्या सॉफ्टवेअरमधलं हॉट पिक्सेलचं मॉड्यूल वापरते, ते डिमोझेइकच्या आधी चालतं. एका फ्रेमवर थ्रेशोल्ड (किती वेगळा पिक्सेल हॉट धरायचा ती मर्यादा) ठरवायचा, तीच सेटिंग सगळ्यांना लावायची, व्हाइट बॅलन्सही सगळ्यांना एकच, मग १६ बिट टिफ फाइली काढून ह्यूगिनमध्ये (पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) न्यायच्या.

*

सहमत, फक्त ताऱ्यांच्या बाबतीत जपून. लेन्स चांगली असेल तर बारीक तारा एक-दोन पिक्सेलांतच मावतो आणि फिल्टर त्यालाही खातो. म्हणून मी डार्क फ्रेमवर, म्हणजे मुद्दाम अंधारात काढून फोटोतून वजा करायच्या फ्रेमवर, भर देतो. लेन्सला झाकण, व्ह्यूफाइंडरही झाकलेला, आयएसओ आणि शटर तेच. आणि हे काम शेवटची फ्रेम झाल्या झाल्या, तिथेच उरकायचं. डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा सिग्नल) तापमानावर ठरतो, ढोबळमानाने दर ६ ते ८ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो, त्यामुळे नंतर सवडीने काढलेली डार्क फ्रेम नीट जुळत नाही. रॉथेरपी या रॉ सॉफ्टवेअरला अशा अनेक फ्रेम दिल्या तर तो त्यांची सरासरी काढून वजा करतो.

*

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (कॅमेरा स्वतःच प्रत्येक फोटोनंतर डार्क फ्रेम काढतो ती सोय) पॅनोरमासाठी बंदच बरं. ३० सेकंदांच्या प्रत्येक फ्रेममागे आणखी ३० सेकंद खोळंबा. तेवढ्यात ढग सरकतात, उजेड उतरतो.

*

कंट्रोल पॉइंटांचं, म्हणजे दोन फ्रेम जुळवायला धरलेल्या समान बिंदूंचं, कुणीच लिहिलं नाही! अंधाऱ्या फ्रेममध्ये पकडण्यासारखं काही नसलं की सॉफ्टवेअर हॉट पिक्सेललाच जुळणारा बिंदू समजतं. असा बिंदू ओळखणं सोपं आहे: दोन्ही फ्रेममध्ये त्याचे एक्स-वाय आकडे जवळपास सारखे असतात. कॅमेरा फिरवलाय, तर खऱ्या वस्तूचे आकडे सारखे राहतील कसे? हे बिंदू तसेच ठेवले तर ऑप्टिमायझर (बिंदूंवरून फ्रेमची जागा ठरवणारा भाग) एक फ्रेम दुसरीवर ओढून बसवतो. मी ह्यूगिनच्या कंट्रोल पॉइंटांच्या तक्त्यात असे बिंदू शोधून आधी उडवते, मगच ऑप्टिमाइझ करते. रॉमध्येच साफसफाई झालेली असली की ही कटकट जवळजवळ उरत नाही.

*

उभ्या फ्रेम काढणाऱ्यांसाठी एक भर. डीसीरॉ या आज्ञा टाइप करून चालवायच्या रॉ प्रोग्रॅमला खराब पिक्सेलांची यादी देता येते, पण त्यातले स्तंभ आणि ओळी न फिरवलेल्या चित्राच्या लागतात. फोटो आपोआप उभा होऊन उघडला आणि त्यावरून आकडे उतरवले, तर भलताच पिक्सेल पुसला जातो. यादी करताना ‘-t 0’ (लहान t) हा पर्याय द्या, म्हणजे चित्र फिरत नाही. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत पिक्सेल मॅपिंगही (खराब पिक्सेल कॅमेऱ्यानेच शोधून झाकायची सोय) असतं, आधी ते चालवून बघा. आणि दोन फ्रेमांच्या मधे लाइव्ह व्ह्यू बंद ठेवा, सेन्सर कमी तापतो.