पगार वेळेवर, तरी मास्तर नाराज का?

खडूवाला, कोल्हापूर
परवा नववीला आम्ल-आम्लारी शिकवत होतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी, त्यात लिंबू पिळलं की लाल, खायचा सोडा टाकला की हिरवट. मागच्या बाकावरचं पोरगं वर्षभर तोंड उघडत नाही, ते अचानक म्हणालं, "सर, साडीवर हळद सांडली आन् साबण लावला की लाल डाग पडतोय, त्ये ह्येच काय?" तेवढ्यात शिपाई दारात. 'पोरांचे अपार आयडी, ते सरकारी ओळखक्रमांक, किती काढायचे राहिले, बारापर्यंत आकडा द्या.' आकडा देऊन वळलो तर तास संपलेला. मी २००६ ला नोकरीला लागलो, म्हणजे जुनी पेन्शन थोडक्यात हुकली. पण खरं सांगतो, तिच्यापेक्षा असे तास जास्त टोचतात. तुमचं काय?

गंगावेशकर
गुरुजी, राग मानू नका. मी शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं आठ तास असतोय. मला कुणी समाधान विचारलेलं नाही. तुम्हाला दिवाळी, मे महिना, वर आयोगाचा पगार. आणि पोरगं माझं शाळेत शिकून परत क्लासला जातंय, त्याची फी मीच भरतोय. मग शाळेत शिकवताय काय?

अर्धा_अनुदानित
शाहूवाडीकडचा शिक्षक. 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' २००९ ला गेला, पगारासाठी २० टक्के अनुदानाचा टप्पा यायला २०१६ उजाडलं. तोवर सकाळी डेअरीवर दूध मोजायचो आणि साडेदहाला वर्गात 'स्वावलंबन' शिकवायचो! वर्गात समाधान आहेच, नाही म्हणत नाही. पण किराणावाला ते वहीत मांडून घेत नाही. पूर्ण पगारवाल्यांनी आधी आमच्या टप्प्याबद्दल बोलावं, मग आकड्यांचं रडावं.

शिक्षणसेविका
माध्यमिकच्या शिक्षणसेवकांना पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधनच; ते २०२३ ला आठ हजारांवरून अठरा झालं. खोलीभाडं, एसटी, जेवण, संपलं. तरी खडूवाला सरांचं पटतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देऊ नये. मग पोर्टलची माहिती भरणं? ते म्हणे 'शैक्षणिक'च. असा शब्द फिरवला की कायदा जागच्या जागी राहतो आणि तास जातो.

गंगावेशकर
बाई, नोंदी कुणीतरी ठेवायलाच पायजेत की. माझ्या पोराचा दाखला चुकला तर मी कुणाकडं जाऊ? क्लार्कची जागा मागा, मोर्चा काढा, मी येतो दसरा चौकात. पण 'मन लागत नाही' म्हणून पोरांना गाईड वाचून दाखवणारे पण तुमच्यातलेच हायत.

खडूवाला, कोल्हापूर
हायत, कबूल. मीही एकदा-दोनदा वाचून दाखवलंय, पेपर तपासणीच्या दिवसांत. आणि अर्धा_अनुदानित, तुमच्यापुढं पगाराबद्दल बोलायचं मला तोंडच नाही. पण तुमचा तास मोडला तर तो आमच्याइतकाच मोडतो ना?

अर्धा_अनुदानित
मोडतो. फक्त आमच्याकडं शिपाई नाही, माहिती आणायला आम्हीच पळतो.

गंगावेशकर
त्या हळदीच्या पोराचं काय झालं ओ पुढं?

खडूवाला, कोल्हापूर
सोमवारी मुद्दाम त्याच्या बाकापाशी गेलो. "काय विचारत होतास रे तू?" खाली बघत म्हणाला, "काय न्हाई सर."