क्वीन्समध्ये भाड्याच्या घरात रात्री हीट येत नाही, मालक दाद देत नाही. काय करावं?

वाईची सून:
नमस्कार. आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये एल्महर्स्टला राहतो. सहा मजली जुनी इमारत, चौथा मजला. हीट भाड्यातच धरलेली आहे. बॉयलर तळघरात, घरात वाफेचे रेडिएटर. डिसेंबर लागल्यापासून रात्री अकराला रेडिएटर जो गार पडतो तो सकाळी आठपर्यंत गारच. सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, विचारलं की म्हणतो, "बॉयलर चालू आहे." मालक मेसेज वाचतो, उत्तर देत नाही.

लेक दोन वर्षांची आहे. सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या तोंडातून ब्र काढत नाहीत, पण काल पहाटे उठून बघते तर कानटोपी घालून, शाल लपेटून स्वयंपाकघरात बसलेल्या. गॅसचे चारही बर्नर पेटवून हात शेकत होत्या. मला रडूच फुटलं.

कपाटातलं खोबरेल तेल दगडासारखं थिजलंय, त्याचा फोटो मालकाला पाठवला. नवरा म्हणतो, जानेवारीचं भाडंच देऊ नये. पण आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, लीज जूनपर्यंत आहे. कोर्टकचेरीची भीती वाटते. कुणी यातून गेलंय का?

क्वीन्सकरीण:
ताई, मी गेलेय. आधी सासूबाईंना सांगा, गॅस शेकायला पुन्हा लावायचा नाही. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. आणि इलेक्ट्रिक हीटर आणलात तर तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर नको. झोपताना बंद करा. 9 जानेवारी 2022 ला ब्रॉंक्समध्ये अशाच एका हीटरमुळे आग लागली आणि 17 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. म्हणून हे सगळ्यात आधी सांगतेय.

आता नियम. 1 ऑक्टोबर ते 31 मे हा इथला हीटचा हंगाम. सकाळी 6 ते रात्री 10, बाहेर 55 फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान 68 हवं. रात्री 10 ते सकाळी 6, बाहेर कितीही असो, किमान 62. म्हणजे तुमचा रात्रीचा मुद्दा पक्का आहे, पण तो आकड्यात दाखवायला हवा. खोबरेलाच्या फोटोचा उपयोग नाही हो, ते 24 सेल्सिअसलाच थिजतं आणि 68 फॅरनहाइट म्हणजे 20 सेल्सिअस. हीट नियमाप्रमाणे आली तरी ते थिजलेलंच राहणार. साधा थर्मामीटर आणा, खिडकी आणि रेडिएटरपासून लांब, खोलीच्या मध्ये ठेवा. वहीत तारीख, वेळ, घरातलं तापमान, बाहेरचं तापमान लिहा. मालकालाही मेसेजबरोबर एक रीतसर पत्र पाठवा, प्रत जपून ठेवा.

मग 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या फोन नंबरवर, तक्रार. तक्रारीचा नंबर वहीत उतरवा. शहराचं घरांचं खातं आधी मालकाला कळवतं, मग तुम्हाला फोन करून विचारतं की हीट आली का. इथेच मी फसले होते. फोन नवऱ्याने घेतला, दुपारची वेळ, रेडिएटर जरा कोमट होता, तो "हो, आली" म्हणाला. तक्रार बंद! पुन्हा केली. त्या वेळी इन्स्पेक्टर रात्री साडेदहाला आला. बुटांचा बर्फ दारातच झटकला, थर्मामीटर धरून मधल्या खोलीत मिनिटभर गप्प उभा राहिला आणि आकडा मला दाखवला. 57. त्याची नोंद झाली, आणि तिसऱ्या रात्री रेडिएटरने शिट्टी घातली. हीटची नोंद सगळ्यात गंभीर, 'सी' वर्गात होते आणि मालकाला दिवसागणिक दंड बसू शकतो. थंडी परत आली तर परत तक्रार करा, लाजू नका. शेजाऱ्यांनाही करायला सांगा.

भाडं मात्र आपल्या मनाने अडवू नका. मालक थकबाकीचा दावा लावतो आणि तुम्ही प्रतिवादीच्या जागी जाता. त्यापेक्षा हाउसिंग कोर्टात तुम्हीच दुरुस्तीचा दावा लावा, त्याला 'एचपी अ‍ॅक्शन' म्हणतात. फी 45 डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवणं इथे बेकायदा आहे. 311 वाले व्हिसा विचारत नाहीत. हक्काची ऊब मागताय, घाबरू नका.

जर्सीवाला:
वरच्या सगळ्याला अनुमोदन. एकच भर: रेडिएटरला एकच पाइप असेल तर त्याची झडप पूर्ण उघडी ठेवा, अर्धवट नको. अर्धवट ठेवली की आत पाणी साचून तो ठणाठणा वाजतो. बाजूची छोटी हवेची नळी बुजली असेल तर वाफ आत शिरतच नाही, ती सुपरने बदलून द्यायची असते. आणि न्यू जर्सीत वाचणाऱ्यांनो, आपल्याकडे रात्री 11 ते सकाळी 6 किमान 65 लागतं, न्यूयॉर्कचे आकडे सांगत बसू नका.

वाईची सून:
खूप आभार. झडप पूर्ण उघडीच आहे, सगळ्या खोल्यांत तपासली. काल रात्री 11 ला 63, 2 ला 59, पहाटे 5 ला 57. बाहेर 24. वहीत लिहिलं, सकाळी 311 ला तक्रार केली. समोरच्या बिऱ्हाडातल्या नेपाळी काकूंनीही केली, त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे. भाडं एक तारखेला भरणार. सासूबाई आता आमच्याच खोलीत झोपतात, लेकीला कुशीत घेऊन. फोन माझ्या उशाशी ठेवलाय, नवऱ्याला उचलू देणार नाही.