नानांचा कूलर आणि धाब्यावरच्या तीन पेट्या

*नाना ए-३०१:* सर्व सभासदांना नमस्कार 🙏 सकाळी आठपासून माझ्या कूलरवर मधमाश्या बसल्या आहेत, चाळीसपर्यंत मोजल्या मग सोडून दिलं, मिसेस पाणी भरायला गेली ती पाइप तिथंच टाकून पळाली आणि हॉलभर पाणी झालं. ४३ डिग्रीत कूलर बंद ठेवून झोपायचं का? माझा एकच प्रश्न, चौधरी सरांना धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, मधमाश्यांच्या पेट्या ठेवायची परवानगी कोणी दिली?

*सेक्रेटरी:* नाना सुप्रभात. मागच्या मीटिंगला विषय झालाय, रजिस्टरला नोंद आहे

*नाना ए-३०१:* त्या दिवशी मी भुसावळला लग्नात होतो हे सगळ्यांना माहीत आहे

*सोनवणे सी-१०२:* नाना तुम्ही प्रत्येक मीटिंगला लग्नातच असता भो

*नाना ए-३०१:* सोनवणे तुमचा मेंटेनन्स कोणत्या महिन्यापासून बाकी आहे ते पण टाका ग्रुपवर

*सोनवणे सी-१०२:* विषय माश्यांचा चाललाय ना

*चौधरी सर बी-४०२:* नाना, आधी माफी मागतो. त्या तुमच्याकडं चावायला नाही, पाणी न्यायला येताय. पेटीत जिथं पिल्लं असता तिथं ३४-३५ डिग्री लागतं त्यांना, बाहेर पारा चढला की पाण्याचे बारीक थेंब आणून आत पोळ्यावर पसरता आणि बाकीच्या दारात उभ्या राहून पंख हलवत बसता, म्हणजे तुमचा कूलर जे करतो तेच, फक्त वायरिंग नाही.

*पिंटू बी-१०४:* लाइटबिल मात्र एकट्या नानांना

*नाना ए-३०१:* माझा एकच प्रश्न, परवानगी कोणी दिली?

*मंगलाताई ए-२०२:* पण सर वर तुम्ही पाण्याचं घमेलं ठेवलेलं आहे ना, मी पाहिलंय, मग ते सोडून नानांकडंच का

*चौधरी सर बी-४०२:* ठेवलंय ताई, बुडू नये म्हणून खडे आणि गोणपाट पण टाकलंय. चूक माझी अशी झाली की त्यात फिल्टरचं पाणी भरत होतो. यांना स्वच्छ पाण्याचं कौतुक नाही, क्षाराचं, जरा वास मारणारं पाणी लवकर सापडतं आणि आवडतं. आपल्या बोअरचं पाणी कूलरमध्ये आठ दिवस राहिलं, त्यात गवत भिजलं, की त्यांच्यासाठी मेजवानी

*बोरसे काकू सी-३०३:* म्हणजे नानांचं पाणी वास मारतं 😷

*नाना ए-३०१:* मी दर रविवारी कूलर धुतो.

*नानी ए-३०१:* कोणत्या रविवारी

*सोनवणे सी-१०२:* 😀😀😀

*आजी बी-२०१ (नातवाच्या फोनवरून):* आम्हना वावरमा बोरना झाडवर मोहोळ राहे, आम्हना बा धूर करीसन काढे, कोनले काही नई व्हये. आते कूलर उना आनि बठ्ठा नाजूक व्हयनात

*बोरसे काकू सी-३०३:* आजी गंमत वेगळी. अजिंठ्याला कड्याला लटकलेली पोळी बघितलीय ना सगळ्यांनी, एकदा उठल्या की माणूस पळू शकत नाही. उद्या इथं झालं तर सोसायटी जबाबदार की सर?

*चौधरी सर बी-४०२:* काकू त्या आग्या माश्या. उघड्यावर एकच मोठं पोळं लावता, त्यांना पेटीत कोणीच पाळत नाही. पेटीत राहणाऱ्या मुख्य दोन, आपली सातेरी आणि ही परदेशी मेलिफेरा, दोघींना अंधार आणि शेजारीशेजारी पोळी लागता. आपल्या पेट्या मेलिफेराच्या. या १९६२ साली आताच्या हिमाचलातल्या नगरोट्याला पहिल्यांदा आपल्याकडं नीट रुजल्या, पुण्याची मधमाशी संशोधन संस्था पण त्याच सालची

*पिंटू बी-१०४:* सर हे परीक्षेला आहे का

*मंगलाताई ए-२०२:* चावत नाही म्हणू नका सर, माझ्या पोराला परवा कानामागं चावली

*चौधरी सर बी-४०२:* चावते ताई, मी चावत नाही असं कधीच म्हणालो नाही. काटा नखानं लगेच काढायचा, कसा काढला त्यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं, कारण तुटून राहिलेली पिशवी विष सोडत राहते. आणि अंगभर गांध्या उठल्या, दम लागला, ओठ सुजले तर चुना-बिना लावत बसू नका, सरळ दवाखाना.

*सोनवणे सी-१०२:* माझ्या पांढऱ्या गाडीवर पिवळे ठिपके पडताय रोज ते काय आहे

*पिंटू बी-१०४:* मध नाहीये एवढं नक्की

*बोरसे काकू सी-३०३:* मधाचं निघालंच आहे तर, दिवाळीत दिलेली बाटली तुपासारखी गोठली होती, आमच्या जाऊबाई म्हणे साखर घातलीय

*चौधरी सर बी-४०२:* काकू त्यात कपाशीच्या फुलोऱ्याचा मध होता, तो थंडीत लवकर रवाळ होतोच. कोमट पाण्यात बाटली ठेवा, सुटेल. साखर घालून विकायचं असतं तर तीन पेट्यांत धाब्यावर घाम गाळला नसता मी.

*बोरसे काकू सी-३०३:* मी नाही, जाऊबाई म्हणे

*नाना ए-३०१:* विषय भरकटतोय. परवानगी कोणी दिली?

*मंगलाताई ए-२०२:* नानांचा कूलर राहू द्या, आमच्या बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं बोला. एप्रिल संपत आला, माझी ज्वारी तीन दिवसांपासून भिजतेय, ए विंगच्या कोणी बायका वर जायला तयार नाहीत, पेट्या बरोबर जिन्याच्या दारासमोर आहेत. दरवर्षी आम्ही पाच-सहा जणी पहाटेच चूल पेटवतो हे सरांना माहीत नव्हतं का? पेट्या पंपरूमच्या कोपऱ्यात न्या, आज न्या

*सेक्रेटरी:* हे मात्र योग्य आहे सर

*चौधरी सर बी-४०२:* मान्य आहे ताई, जागा ठरवताना पावसाळा होता, बिबड्या डोक्यातच आल्या नाही. पण एकदम नाही नेता येत. बाहेर गेलेली माशी जुन्याच जागेवर परत येते, पेटी चाळीस फूट हलवली तर हजारो माश्या दारासमोर हवेत घुटमळतील, ते जास्त वाईट. एक तर रात्री उचलून चार-पाच किलोमीटर लांब न्यायची किंवा रोज दोन-तीन फूट सरकवायची.

*सोनवणे सी-१०२:* लांबच न्या मग. केळीच्या बागेत ठेवा कोणाच्या, घड मोठे होतील

*चौधरी सर बी-४०२:* भाऊ आपल्या केळीला परागीकरण लागतच नाही, म्हणून तर तिच्यात बी नसतं. केळफुलावर माश्या रस प्यायला जाता, घडाला त्याचा उपयोग शून्य. कांद्याच्या बियाण्याला, डाळिंबाला म्हणत असाल तर गोष्ट वेगळी. आणि या उन्हात टेम्पोत धक्के बसून मेण मऊ झालेलं पोळं कोसळलं तर आतच सगळ्या मरतील.

*पिंटू बी-१०४:* ४० फूट भागिले ३, चौदा दिवस. बिबड्या मे मध्ये

*मंगलाताई ए-२०२:* भिजलेली ज्वारी चौदा दिवस थांबत नाही पिंटू, तुझ्या आईला विचार

*चौधरी सर बी-४०२:* ताई परवा पहाटे पाचला मी स्वतः वर थांबतो. उजाडेपर्यंत त्या बाहेर निघत नाही, तुमचं शिजवणं-थापणं तोवर उरकतं. पुढं दिवसभर दारासमोर ओली चादर आडवी बांधतो म्हणजे त्या वरून उडून जातील. आणि नाना, एक विनंती. तुमच्या कूलरचंच थोडं पाणी वरच्या घमेल्यात टाकू द्या, वास ओळखीचा आहे त्यांना. दोन दिवस दिवसा कूलर कोरडा ठेवला तर सोडतील.

*नाना ए-३०१:* दिवसा दोन दिवस कूलर बंद? मी एसीवाला नाही.

*सेक्रेटरी:* नाना दोन दिवस आमच्याकडं या दुपारी, पत्ते खेळू

*आजी बी-२०१ (नातवाच्या फोनवरून):* बिबड्यास्नं पीठ मन्हाकडे पन धाडजो वं मंगला

(रात्री ९ नंतर)

*चौधरी सर बी-४०२:* तिन्ही पेट्या आज सरकवल्या. पिंटू आणि सोनवणे भाऊंचे आभार 🙏

*नाना ए-३०१:* टेप लावला मी. पहिल्या दोन पेट्या तीन-तीन फूट सरकल्या आहेत, तिसरी अडीच.

*सोनवणे सी-१०२:* तिसरी माझ्या बाजूला होती. जड आहे भो ती

*नानी ए-३०१:* दोन बादल्या कूलरचं पाणी वर नेऊन ओतलं यांनी. लग्नात घेतलेल्या कूलरचा तळ आज पहिल्यांदा दिसला, त्यात काय काय निघालं त्याचा फोटो टाकू का

*नाना ए-३०१:* नको.

*नाना ए-३०१:* परवानगीचं रविवारी बघू.

*सेक्रेटरी:* रविवारी लग्न नाहीये ना नाना?