टेकऑफनंतर बर्फ आणि एकदम तीन-चार बिघाड: आधी हात कशाला घालायचा?

नवशिका_३२०
एअरबस ए३२०चं टाइप रेटिंग (ते विमान चालवायचा परवाना) चालू आहे. सिम्युलेटरमध्ये प्रसंग असा देतात: बाहेर १ अंश, हिमवर्षाव, ढगांचा तळ ६०० फुटांवर. चाकं आत घेतली की डाव्या-उजव्या वेगदर्शकांत ३० नॉटची तफावत, मग डाव्या इंजिनातून धाड-धाड आवाज, आणि ईकॅमवर (बिघाड दाखवणाऱ्या पडद्यावर) संदेशांची रांग. एकेका बिघाडाची कृती पाठ आहे, पण सगळे एकत्र आले की सुरुवात कुठून? वेग आधी की इंजिन? आणि मूळ कारण बर्फ असावं असं वाटत असेल तर क्रम बदलतो का?

गगनवेध
वेग आधी. तोच खोटा असेल तर इंजिनाबद्दलचा निर्णय कशाच्या आधारावर घेणार?

दिसणाऱ्या वेगावर उडणं धोक्याचं वाटलं की पाठ असलेल्या कृती लगेच करायच्या: ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर, म्हणजे थ्रस्ट, आपोआप ठरवणारी प्रणाली) बंद, दोन्ही फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते दाखवणाऱ्या खुणा) बंद. थ्रस्ट रिडक्शन उंचीच्या (जिथे टेकऑफचा थ्रस्ट कमी करतात तिच्या) खाली असाल तर नाक १५ अंश आणि टोगा (पूर्ण थ्रस्ट). त्याच्या वर गेला असाल तर १०,००० फुटांपर्यंत १० अंश आणि क्लाइंब (चढाईचा थ्रस्ट), पुढे ५ अंश आणि क्लाइंब. फ्लॅप आहेत तिथेच ठेवायचे, स्पीडब्रेक आत आहेत ना ते बघायचं, चाकं वर. एवढं झालं की विमान उडतंय. मग उंची आणि जीपीएसचा जमिनीवरचा वेग बघून कुठला काटा खोटा ते शोधायचं.

तुमच्या प्रसंगात खरी मेख इंजिनाची आहे. इंजिन निकामी झाल्यावर रोटेशनचं (टेकऑफला नाक उचलण्याचं) लक्ष्य १२.५ अंश असतं, हे विसरू नका. एका इंजिनावर १५ अंश धरून बसलात तर वेग गळत जाईल, आणि तो गळतोय हे दाखवणारं यंत्रच तेव्हा भरवशाचं नसेल. रडर देऊन विमान सरळ ठेवा. ४०० फूट होईपर्यंत ईकॅमला हात लावायचा नाही, मग कितीही लाल दिसू दे.

काळा_बर्फ
गगनवेध यांच्याशी सहमत. क्रम बदलत नाही, पण बर्फाचा संशय आला की विचार बदलायला हवा: चार बिघाड दिसत असले तरी कारण बहुधा एकच असतं.

२७ डिसेंबर १९९१, स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून निघालेलं एसएएस या विमान कंपनीचं ७५१ क्रमांकाचं उड्डाण घ्या. एमडी-८१ विमान. रात्रभर उभ्या विमानाच्या टाक्यांत आधीच्या उड्डाणातलं गार इंधन उरलं होतं, त्याने पंखावर काचेसारखा पारदर्शक बर्फ धरला. सकाळी डी-आयसिंग झालं, तरी तो राहिला. एमडी-८१ची इंजिनं शेपटीजवळ, पंखांच्या मागेच. हवेत उठताना पंख वाकले, बर्फ सुटला आणि दोन्ही इंजिनांत गेला. पंख्याची पाती वाकली. साधारण २५ सेकंदांनी उजवं इंजिन सर्ज होऊ लागलं, म्हणजे आतला हवेचा प्रवाह बिघडून धडधडू लागलं.

कॅप्टनने त्याचा थ्रस्ट थोडा कमी केला, ते बरोबरच होतं. पण विमानात ऑटोमॅटिक थ्रस्ट रिस्टोरेशन नावाची प्रणाली होती, तिने थ्रस्ट परत वाढवला. ही प्रणाली विमानात आहे हेच वैमानिकांना माहीत नव्हतं. (आद्याक्षरं एटीआर होतात, पण आपल्याकडच्या एटीआर विमानाशी संबंध नाही.) दुखावलेल्या इंजिनाला जास्त हवा-इंधन मिळालं, सर्ज वाढत गेलं आणि सुमारे ३,२०० फुटांवर दोन्ही इंजिनं गेली. प्रवासी म्हणून निघालेला कंपनीचाच दुसरा कॅप्टन कॉकपिटमध्ये आला, त्याने टप्प्याटप्प्याने फ्लॅप काढले, कॅप्टनने विमान गॉट्रोराजवळच्या शेतात उतरवलं. विमानाचे तीन तुकडे झाले, पण १२९ पैकी १२९ जण वाचले.

म्हणून बर्फात सर्ज आलं तर ऑटोथ्रस्ट खरोखर सुटलाय का, हे स्वतः बघा.

नवशिका_३२०
धन्यवाद! पण जमिनीजवळ थ्रस्ट नेमका किती कमी करायचा? आयडलला आणला तर चढायचं कशावर?

गगनवेध
दुसरं इंजिन ठणठणीत असेल तर त्याच्यावर चढता येतं, म्हणून सर्ज होणारं निर्धास्त आयडलला आणा. आकडे ठीक असतील तर इंजिन आणि पंखाचं अँटी-आइस चालू करून, कारण ब्लीड (इंजिनातली दाबलेली हवा) काढल्याने सर्जपासूनचं अंतर वाढतं, लीव्हर हळूहळू पुढे. दोन्ही इंजिनं सर्ज होत असतील तर हिशेब वेगळा: धडधड थांबेल इतकंच मागे या, त्याहून एक इंचही नाही. तो थ्रस्ट तुम्हाला हवा आहे.

हँगर_नं_दोन
जमिनीवरची बाजू सांगतो, कारण यातले निम्मे बिघाड टॅक्सी करतानाच ठरतात.

ए३२०मध्ये एक इंजिन चालू झालं की प्रोब हीट (वेग वगैरे मोजणाऱ्या नळ्या तापवणारी यंत्रणा) आपोआप सुरू होते. सगळ्या विमानांत असं नसतं. ११ फेब्रुवारी २०१८ला मॉस्कोच्या दोमोदेदोवोहून निघालेल्या सारातोव्ह एअरलाइन्सच्या आन्तोनोव्ह-१४८मध्ये ती हाताने लावायची होती, ती राहिली. पिटो (वेग मोजणाऱ्या नळ्या) गोठले, काट्यांवर वेग कमी दिसू लागला आणि नाक खाली दाबलं गेलं. ७१ जण गेले. विमान उडण्याजोगं होतं, म्हणून हे जास्त लागतं.

इंजिन अँटी-आइसला मात्र ए३२०मध्येही बटण दाबावंच लागतं. १० अंश किंवा कमी, आणि धुकं, पाऊस, हिम यांपैकी काहीही दिसत असेल तर स्टार्ट झाल्याझाल्या. १३ जानेवारी १९८२ला वॉशिंग्टनहून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या ७३७मध्ये ते बंद होतं. इंजिनाच्या तोंडावरचा प्रोब गोठला, ईपीआर (थ्रस्ट दाखवणारं दाबाचं गुणोत्तर) २.०४ दिसत होता, खरा १.७०च्या आसपास. बाकीचे काटे कमीच दाखवत होते. एका काट्यावर थ्रस्ट ठरवू नका, एन१ (इंजिनाच्या पंख्याचा फिरण्याचा वेग) आणि इंधनप्रवाहही बघा.

आणि पंखाचं. पारदर्शक बर्फ टॉर्चच्या उजेडात ओल्या रंगासारखा चमकतो, पाणी समजून माणूस पुढे जातो. शिडी लावा, हातमोजा काढा आणि पंखाच्या मुळाशी, टाकीच्या वर, हात फिरवा. टाकीखाली, पंखाच्या खालच्या बाजूला ३ मिलिमीटरपर्यंत गोठलेलं दव ए३२०ला चालतं. वरच्या बाजूला नाही.